दिवाळीला कामगारांना वस्तू द्यावी की रोख?

लेथमास्तर
मंडळी, भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं मशीनिंगचं युनिट आहे. चाळीसेक माणसं. निम्मी आमच्या हजेरीपटावर, निम्मी ठेकेदाराची. बोनसचा प्रश्न नाही, तो कायद्याप्रमाणे वेळेवर जातो. प्रश्न त्याच्यावरच्या दिवाळी भेटीचा आहे. वडिलांच्या काळापासून आम्ही स्टीलचं एखादं भांडं आणि फराळाचा पुडा देतो. कधी कळशी, कधी डब्यांचा संच, गेल्या वर्षी कुकर.

यंदा खंडेनवमीची पूजा आटोपली आणि अकाउंट्सवाल्यांनी विषय काढला, "साहेब, दीड हजार सरळ खात्यात टाकू. कोटेशन नको, टेम्पो नको, स्टोअरमध्ये खोकी नकोत." सुपरवायझर म्हणतो पोरांनाही पैसेच हवेत. भाचा एमबीए करतोय, तो म्हणतो, मामा, बिहेवियरल इकॉनॉमिक्सप्रमाणे वस्तूच द्या. मला त्यातलं काही कळत नाही. तुमच्याकडे काय देतात, आणि त्याचा कामावर खरंच परिणाम होतो का? दुसरं म्हणजे ठेकेदाराच्या माणसांना आजवर फक्त फराळाचा पुडा जातो. ते बरोबर आहे का?

उकडीचा_मोदक
पहिला!
सोनपापडी वगळून काहीही द्या.

टूलरूम
पैसे द्या. विषय संपला. मी फिटर आहे, अनुभवाने सांगतो. माझ्याकडे स्टीलचे डबे एवढे झालेत की डाळी कमी पडतात. आणि दिवाळीला गावी जायचं असतं. लातूरला जाणाऱ्या एसटीत बायको, दोन पोरं, बॅगा आणि वर तो कुकरचा खोका कुणी धरायचा? ट्रॅव्हल्सवाले त्या आठवड्यात तिकीट किती करतात ते बघा, दीड हजार तिथेच जातात. मालकाला वाटतं आपण कुकर दिला. आम्हाला वाटतं दीड हजार दिले असते तर.

उकडीचा_मोदक
खोका मांडीवर घेऊन लातूरपर्यंत. डोळ्यांसमोर आलं. :)

हार्नेस_लाइन
टूलरूमदादा, माझी आई चाकणला वायर हार्नेसच्या लाइनवर बरीच वर्षं होती. तिच्याकडे आधी वस्तू मिळायची, मग खात्यात पैसे यायला लागले. पैसे आले की त्यांना वाटेकरी आधीच ठरलेले असायचे: बचत गटाचा हप्ता, किराणावाल्याची उधारी, बाबांनी घेतलेली उचल. वस्तू मात्र तिची असायची. घरातलं इडलीपात्र आजही ती "माझ्या कंपनीचं" म्हणते. पैसे कुठल्या वर्षी किती आले, हे तिला सांगता यायचं नाही.

पण तेव्हा तिला कुणी विचारलं असतं, तर तिनेही पैसेच मागितले असते हे नक्की.

मानसी_कोथरूड
हार्नेस_लाइन, तुमच्या शेवटच्या वाक्यावर अक्षरशः एक प्रयोग झालेला आहे. मी संघटनात्मक मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही. धागालेखकांच्या भाच्यानेही बहुतेक हाच वाचला असावा.

जर्मनीत एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायला तीन तासांसाठी विद्यार्थी घेतले होते, ताशी १२ युरोवर. काहींना सुरुवातीला अचानक ७ युरो जास्त दिले. काहींना तेवढ्याच किमतीचा थर्मास, कागदात गुंडाळून. रोख मिळालेल्यांच्या कामात नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. थर्मासवाल्यांनी जवळपास २५ टक्के जास्त नोंदी केल्या. थर्मासची किंमत उघड सांगितली तरी तेच. हा शोधनिबंध २०१२ चा आहे.

आता गंमत. एका गटाला विचारलं, थर्मास हवा की पैसे? बहुतेकांनी पैसे घेतले, आणि तरी काम जास्तच केलं. आणखी एका गटाला रोखच दिली, पण नोट घडी घालून सदऱ्याच्या आकाराची केली होती. तिथेही काम वाढलं. म्हणजे वस्तू विरुद्ध रोख हा मुद्दा उरतच नाही. देणाऱ्याने माझ्यासाठी थोडी खटपट केली, हे घेणाऱ्याला दिसलं की नाही, एवढंच उरतं. धागालेखकांचे अकाउंट्सवाले जी खटपट वाचवायला निघालेत, नेमकी तीच.

वात्रट_वाकडकर
म्हणजे लेथमास्तरांनी पाचशेच्या तीन नोटांचे आकाशकंदील करायचे. अकाउंट्सवाले राजीनामा देतील. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

ग्राइंडिंग_व्हील
मानसीताई, आदर राखून असहमत. तीन तासांसाठी आलेला विद्यार्थी आणि एकाच मशीनवर वीस वर्षं उभा असलेला ऑपरेटर, यांची तुलना कशी करायची? त्या पोराला थर्मास हा धक्का होता. आमच्या माणसाला कुकर हा धक्का नाही, त्याच्या घरात "यंदा काय देणार" यावर महिनाभर आधी चर्चा झालेली असते. तुमचा २५ टक्क्यांचा उत्साह तीन तास टिकला, तो तीनशे दिवस टिकतो का? दुसऱ्या दिवाळीला पुन्हा थर्मास दिला तर?

शिवाय हल्ली या शास्त्रावर डोळे झाकून विश्वास ठेवायची सोय नाही. अर्जावर सही शेवटी न घेता वरती आधीच घेतली तर लोक जास्त खरं लिहितात, हा २०१२ चाच शोधनिबंध. जगभरच्या एचआरवाल्यांनी डोक्यावर घेतला. २०२१ मध्ये तो मागे घ्यावा लागला, कारण त्यातली विमा कंपनीची आकडेवारीच बनावट निघाली.

मानसी_कोथरूड
तीनशे दिवसांचा मुद्दा मान्य. त्या प्रयोगाला ते विचारताच येत नाही. सहीच्या शोधनिबंधाचं खरं आहे, पण एक नाणं खोटं निघालं म्हणून गल्ला फेकून देत नाहीत.

निवृत्त_पर्सोनेल
ग्राइंडिंग_व्हील यांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेपेक्षा जुने आहे. मी पिंपरीच्या पट्ट्यात पर्सोनेल खात्यात उभी हयात काढली. दरवर्षी दिलेली वस्तू काही वर्षांनी भेट राहत नाही, वहिवाट होते. जुना औद्योगिक विवाद कायदा, १९४७ यातील कलम ९-अ आणि चौथी अनुसूची काढून पाहा. रूढ सवलत काढून घ्यायची किंवा वहिवाट बदलायची, तर मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यायची. त्याच्या जागी आलेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही कल्पना कायम ठेवली आहे. तिकडे कलकत्त्यात पूजा बोनस ही वहिवाट आहे की मेहेरबानी, या वादात प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. लेथमास्तर, भांड्याऐवजी रोख देताना कुणी तुमच्यावर खटला भरेल असे नाही, पण तुम्ही जे बदलणार आहात ते तुमच्या एकट्याचे राहिलेले नाही, एवढे ध्यानात असू द्या.

एक प्रसंग सांगतो, कारखान्याचे नाव नको. दरवर्षी दोन किलोचा मिठाईचा पुडा मिळे. एका वर्षी काटकसर म्हणून एक किलोचा दिला. दुसऱ्या दिवशी तिन्ही पाळ्यांनी कँटीनवर बहिष्कार घातला. एक किलो पेढ्यांचे कुणाला काय पडले होते? युनियनचा सरचिटणीस तर मधुमेही होता. पण "होते ते कमी केले" या चार शब्दांवर गेटसभा भरली. पहिल्यापासून एकच किलो दिला असता तर आभार मानून घरी गेले असते.

मानसी_कोथरूड
काका, दंडवत! काहनेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये हेच मांडलं. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गेल्याचं दुःख मोठं, आणि "गेलं" की "मिळालं" हे ठरतं आपण कशाला सवयीचे झालो आहोत त्यावरून. काहनेमान यांना २००२ चं नोबेल मिळालं. चौथी अनुसूची लिहिणाऱ्या कारकुनाला काहीच नाही.

एचआर_बाणेर
याच तत्त्वाचा उलटा वापरही करतात. चीनमध्ये नानजिंगच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात बोनस आधीच "तुमचा झाला" असं पत्र दिलं, आणि टार्गेट हुकलं तर कापू म्हणून सांगितलं. रक्कम तीच, नियम तेच, फक्त मांडणी उलटी. नेहमीच्या मांडणीपेक्षा उत्पादन थोडंसं जास्त मिळालं, साधारण टक्काभर.

टूलरूम
आमच्याकडे करून बघा. गेटवर भेटू.

निवृत्त_पर्सोनेल
टूलरूम यांना अनुमोदन.

हिंजवडी_फेज_३
तुमचं बरं आहे, कुकर तरी मिळतो. आम्हाला मेलवर व्हाउचर येतं. पाचशेचं, हजारच्या वर खरेदी केली तर चालणारं, त्यासाठी एक अ‍ॅप उतरवायचं, आणि मुदत भाऊबीजेपर्यंत. ते वापरलं की मलाच वाटतं मी कंपनीला काहीतरी दिलं.

आणि दिवाळीचं काय घेऊन बसलात, अप्रेझलवर बोला. सहा जणांची टीम. सहाही जणांनी रात्री जागून रिलीज काढला. तरी "बेल कर्व्हमध्ये बसवायचंय" म्हणून एकाला खालचं रेटिंग द्यायचंच. यंदा ते कुणाला मिळालं? ज्याचं नुकतंच लग्न ठरलंय त्याला. लीडचं म्हणणं, तसंही तो सध्या आनंदात आहे.

वात्रट_वाकडकर
"तसंही तो सध्या आनंदात आहे." हसून हसून पुरेवाट. सासऱ्यांना रेटिंग कळलं का?

एचआर_बाणेर
हे खूळ जनरल इलेक्ट्रिकचे एकेकाळचे प्रमुख जॅक वेल्श यांचं. वरचे २०, मधले ७०, खालचे १०, आणि खालच्यांना रस्ता दाखवायचा. हजारोंच्या कंपनीत निदान आकडेवारीचा काही आधार तरी सांगता येतो, सहा जणांत वक्र कुठून येणार? मायक्रोसॉफ्टने हा प्रकार २०१३ मध्ये बंद केला, कारण चांगली माणसं चांगल्या माणसांबरोबर एका टीममध्ये जायलाच तयार होईनात. आपल्याकडे मात्र अजून भक्तिभावाने चालू आहे. मी स्वतः एचआरमध्ये आहे, आणि एप्रिलमध्ये माझ्याकडे जेवणाच्या सुट्टीत कुणी बसत नाही.

ग्राइंडिंग_व्हील
धागा भोसरीहून निघून हिंजवडीला चाललाय. वाकडच्या पुलाखाली अडकायच्या आत मागे फिरवा.

सीए_तिळक_रोड
थोडक्यात. मालकाने दिलेल्या छोट्या वस्तूरूप भेटीला करात ठरावीक मर्यादेपर्यंत सूट असते. रोख किंवा रोखीसारखं काही दिलं तर तो पगारच. भोसरीच्या बहुतेक कामगारांना कर लागतच नसल्याने प्रत्यक्षात फरक नाही, पण अकाउंट्सवाल्यांना "रोख सोपी पडते" म्हणण्याआधी हे विचारा.

वडगावकर
जरा अवांतर. आमच्या ऑफिसात उशिरा येणाऱ्याने डब्यात शंभर रुपये टाकायचे असा नियम काढला. आधी लोक धावतपळत, तोंड लपवत यायचे. आता शंभराची नोट टाकून ऐटीत येतात, आणि साहेबांनी काही म्हटलं तर "भरलेत की पैसे" म्हणतात.

मानसी_कोथरूड
हे थेट हैफाचं प्रकरण. इस्रायलमधल्या त्या शहरात दहा पाळणाघरांपैकी सहांनी उशिरा मूल न्यायला येणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला. उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले. पुढे दंड काढून टाकला तरी संख्या उतरली नाही. २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे.

ग्राइंडिंग_व्हील
हैफा येणार हे ठाऊकच होतं, कुठल्याही चर्चेत येतं. पण त्यावरून "पैशाने हजेरी सुधारत नाही" असं कुणी काढू नये. उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत मास्तरांना कॅमेरा दिला. रोज शाळा सुरू होताना आणि सुटताना मुलांबरोबर फोटो काढायचा, तारीख-वेळ त्यावर उमटणार, आणि भरलेल्या दिवसांवर पगार. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली. अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे, मुलांचे गुणही वाढले. वडगावकरांच्या ऑफिसात शंभर रुपये ही किरकोळ रक्कम आहे, आणि दहाला पोचायची कुणाला नड नाही. तिथल्या मास्तरांचा पगारच त्यावर होता.

वडगावकर
म्हणजे डब्यात हजार टाकायला लावू?

उकडीचा_मोदक
डबा लेथमास्तरांकडून घ्या, ते स्टीलचे देतात.

पाषाणभेद_नव्हे
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सूर्यफूल
इतके प्रतिसाद झाले आणि धागालेखकांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. माझ्या मते पहिल्यापेक्षा तो मोठा आहे. वस्तू की रोख, यात चुकलात तर थोडी कुरकुर होईल. एकाच मशीनच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाच्या हातात कुकर आणि दुसऱ्याच्या हातात चिवड्याचा पुडा, यात मात्र रोजचं काम नासतं.

यावर आपल्याच देशात फार चांगलं काम झालंय. ओडिशात ब्रेझा, कौर आणि शामदासानी या तिघी अर्थतज्ज्ञांनी हंगामी कामगारांच्या तिघा-तिघांच्या तुकड्या केल्या. काही तुकड्यांत सगळ्यांना सारखी मजुरी, काहींत थोडी कमी-जास्त. फरक फार नव्हता. तरी ज्यांना सोबत्यांपेक्षा कमी मिळत होतं त्यांचं काम घसरलं, आणि हजेरी १८ टक्के-अंकांनी उतरली. हातात येणारी मजुरी तीच असलेल्या, पण सगळे सारखे असलेल्या तुकड्यांशी ही तुलना आहे. म्हणजे माणसाने आपलं नुकसान करून घेतलं, खाडे केले, पण त्या तुकडीत जाऊन बसणं टाळलं. ज्यांना जास्त मिळत होतं त्यांनी काही जास्त काम केलं नाही.

यात एक बारकावा आहे आणि तो भोसरीला नेमका लागू पडतो. सोबत्याचं काम आपल्यापेक्षा जास्त आहे हे जिथे उघड दिसत होतं, तिथे हा परिणाम दिसला नाही. फरकाला दिसेल असं कारण असलं की माणसं तो पचवतात. आता लेथमास्तरांनी सांगावं, हजेरीपटावरचा ऑपरेटर आणि ठेकेदाराचा ऑपरेटर यांच्या कामात डोळ्यांना दिसणारा फरक आहे का? की फरक फक्त गेटपासच्या रंगात आहे?

टूलरूम
गेटपासचा रंग. एकदम बरोबर बोललात. आमच्याकडे पिवळा आणि निळा. कँटीनला टेबलंसुद्धा आपोआप तशीच वाटली गेलीत, कुणी सांगितलं नव्हतं.

एचआर_बाणेर
व्यवहाराची एक अडचण. सल्लागार आम्हाला सांगतात, ठेकेदाराच्या माणसांना मूळ मालकाने थेट काही देऊ नये, उद्या ते "आम्ही तुमचेच कामगार" म्हणून दावा लावतील.

निवृत्त_पर्सोनेल
सल्लागारांना फी मिळते ती भीतीचीच. कुकर घेतला म्हणून कुणी कायम होत नाही. देखरेख कुणाची, पगार कोण देतो, कामावरून काढण्याचा अधिकार कुणाला, काम बारमाही आहे का, हे पाहिले जाते. ज्यांना या प्रश्नांची उत्तरे अडचणीची आहेत त्यांना कुकरची भीती वाटते. फारच वाटत असेल तर ठेकेदाराच्या हस्ते द्या, बिल त्याच्या नावे करा.

लेथमास्तर
सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. भाच्याला धागा वाचायला दिलाय, मानसीताई, तो थर्मासच वाचून आला होता.

सूर्यफूल, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) जोडणी करणारा आमचा सेटर आहे, बाकी ऑपरेटरांत काही फरक नाही. ठेकेदाराची दोन पोरं तर आमच्यापेक्षा कमी रिजेक्शन काढतात. तेव्हा सगळ्यांना एकच, हे ठरलं. ठेकेदाराशी बोललो, तो तयार आहे, फक्त खर्च माझा म्हणतो. तो कधी वेगळं बोलणार!

वस्तू की रोख, ते चहाच्या वेळी सरळ विचारलं. गावी जाणारे पैसे म्हणाले. इथेच राहणाऱ्यांत बरेच जण "घरी विचारून सांगतो" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी यादी घेऊन आले, एकाने तर कढईचा व्यास लिहून आणलाय. तेव्हा ज्याला जे हवं ते, किंमत सारखी. अकाउंट्सवाले माझ्याशी बोलत नाहीयेत. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी मागितली जी माझ्या डोक्यातच नव्हती: जे काही द्याल ते वसुबारसेच्या निदान आठवडाभर आधी द्या आणि शेवटच्या दिवशी दुसरी पाळी लावू नका, गाड्या चुकतात.

आता एकच राहिलं. भांड्यांवर कंपनीचं नाव घालतो आम्ही नेहमी. ते ठेवू का?

हार्नेस_लाइन
नका घालू. आईचं इडलीपात्र पाहुण्यांसमोर काढताना ती कंपनीचं नाव भिंतीकडे फिरवते. माणसाचं नाव घाला. किंवा त्याला विचारा कुणाचं घालायचं, बहुतेक जण बायकोचं किंवा आईचं सांगतील.

टूलरूम
कंपनीचं नाव असलं की आहेरातही देता येत नाही. मोठा तोटा आहे.

मानसी_कोथरूड
आणि प्रत्येकाचं नाव वेगळं घालायची खटपट दिसते, हे पुन्हा सांगत नाही.

लेथमास्तर
एवढी वेगळी नावं. रविवार पेठेत नाव घालून देणारा कुणी चांगला माहीत आहे का?

वात्रट_वाकडकर
भांड्यांच्या दुकानांबाहेर मशीन घेऊन बसलेले असतात, दिवाळीआधी रांग लागते, सकाळीच जा. अक्षरामागे पैसे घेतात. तुमच्याकडे कुणी ज्ञानेश्वर किंवा चंद्रशेखर असेल तर जोडाक्षर एक धरतात की दोन, ते आधी ठरवून घ्या.

लेथमास्तर
दोन ज्ञानेश्वर आहेत.